स्विफ्टयूआयचं @स्टेट : चष्म्याच्या नंबराच्या स्क्रीनवर पारखून पाहिलेलं

स्विफ्टयूआय म्हणजे ॲपच्या स्क्रीन लिहिण्यासाठी ॲपलने दिलेली चौकट. त्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण ॲनिमेशनबद्दल लिहितात, नाहीतर एक्सकोड या ॲपलच्या कोड लिहिण्याच्या साधनातल्या प्रिव्ह्यूबद्दल. मला त्यातल्या एकाच भागाबद्दल लिहायचं आहे : @स्टेट, म्हणजे स्क्रीनने लक्षात ठेवायची बदलती व्हॅल्यू, आणि त्याला सुरुवातीची व्हॅल्यू कशी द्यायची. दिवसभर माहिती भरणाऱ्या माणसाच्या हातात ॲप जातं तेव्हा ते विश्वासाचं ठरतं की नाही, हे याच जागी ठरतं असं माझं पक्कं मत झालं आहे.

आधी मी काय बनवते ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्या आधारानेच बोलणार आहे. पुण्यातल्या एका चष्म्याच्या दुकानासाठी आम्ही आयपॅडवरचं ॲप सांभाळतो. डावीकडे गिऱ्हाइकांची यादी, उजवीकडे त्या गिऱ्हाइकाचा नंबर. उजवा डोळा, डावा डोळा, प्रत्येकाला स्फेरिकल (मूळ नंबर), सिलिंड्रिकल (एकाच दिशेचा नंबर), ॲक्सिस (ती दिशा), चाळिशीनंतरच्यांना ॲड (जवळचं वाचायला वाढीव नंबर), आणि खाली पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये. नंबर पाव-पावच्या पायरीने चढतो : उणे १.००, उणे १.२५, उणे १.५०. ॲक्सिस १ ते १८० अंशांत. दिसायला दहा-बारा खाने, पण एक खाना चुकला तर माणूस आठवडाभर डोकेदुखी घेऊन फिरतो.

दुकानाच्या काकांनी पहिल्याच बैठकीत एक गोष्ट निक्षून सांगितली होती. "हे बघ, शून्य म्हणजे प्लेनो. तो नंबरच आहे. आणि मोकळा खाना म्हणजे तो डोळा अजून तपासलाच नाही. या दोन्हींची गल्लत मला चालायची नाही." @स्टेटचा विचार करताना मला आजही हेच वाक्य सगळ्यात आधी आठवतं. स्विफ्ट, म्हणजे आम्ही ॲप लिहितो ती भाषा, तिचा नियम असा की इनिट (वस्तू तयार करणारा कोड) संपायच्या आत प्रत्येक प्रॉपर्टीला (वस्तूच्या आतल्या नाव दिलेल्या जागेला) व्हॅल्यू मिळालीच पाहिजे. मग हात आपोआप शून्याकडे किंवा रिकाम्या स्ट्रिंगकडे, म्हणजे मोकळ्या मजकुराकडे, जातो. कम्पायलर, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम, गप्प होतो, पण स्क्रीनवर न तपासलेला डोळा प्लेनो दिसायला लागतो. म्हणून आमच्याकडे नंबराचं स्टेट ऑप्शनल आहे, म्हणजे त्यात व्हॅल्यू नसूही शकते; नसली की त्याला निल म्हणतात. निल म्हणजे तपासलं नाही, ०.०० म्हणजे प्लेनो. सुरुवातीची व्हॅल्यू ही दुकानाच्या दृष्टीने माहितीच असते, ती जागा भरायला टाकलेलं काहीतरी नसते.

आता मूळ वस्तूकडे येते. २०१९ च्या जूनमध्ये सॅन होजेला ॲपलने स्विफ्टयूआय दाखवलं आणि ते आयओएस १३ बरोबर आलं. @स्टेट पहिल्या दिवसापासून त्यात आहे. स्विफ्ट ५.१ मध्ये आलेल्या प्रॉपर्टी रॅपरवर, म्हणजे प्रॉपर्टीभोवती गुंडाळायच्या आवरणावर, ते उभं आहे. त्याआधीच्या यूआयकिट या चौकटीत स्क्रीन सांभाळणारा व्ह्यू कंट्रोलर ही टिकून राहणारी वस्तू होती. व्ह्यूडिडलोडमध्ये, म्हणजे स्क्रीन लोड झाल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, एकदा भरलं की ते त्याच वस्तूत राहायचं. स्विफ्टयूआयमध्ये व्ह्यू, म्हणजे स्क्रीनचा एक तुकडा, हा स्ट्रक्ट (व्हॅल्यूंचा साधा गठ्ठा) आहे. तो स्क्रीनचं वर्णन करतो आणि फेकला जातो, पुन्हा बनतो, पुन्हा फेकला जातो. पॅरेंटची, म्हणजे बाहेरच्या व्ह्यूची, बॉडी (स्क्रीनचं वर्णन करणारा कोड) चालली की मुलाचा, म्हणजे आतल्या व्ह्यूचा, स्ट्रक्ट नव्याने तयार होतो, त्याचं इनिट पुन्हा चालतं. मग वापरणाऱ्याने टाइप केलेलं टिकतं कसं? @स्टेट लावलेली व्हॅल्यू त्या स्ट्रक्टमध्ये राहतच नाही. स्विफ्टयूआय ती स्वतःकडे, त्या व्ह्यूच्या ओळखीच्या नावाने ठेवतं. बँकेतल्या लॉकरसारखं आहे हे : माणूस कपडे बदलून आला तरी किल्ली तीच, म्हणून आतला ऐवज तोच.

इनिटमधून तुम्ही देता ती व्हॅल्यू फक्त लॉकर पहिल्यांदा उघडताना वापरली जाते. त्यानंतर इनिट कितीही वेळा चालू दे, दिलेली व्हॅल्यू बाजूला टाकली जाते. हा नियम मला मनापासून बरोबर वाटतो. कारण उलट असतं तर? काका उणे २.२५ निवडत असताना मागे कुठेतरी यादी ताजी झाली, पॅरेंटची बॉडी चालली, आणि निवडलेलं पुसून जुनंच आलं. असं होत नाही, ते या नियमामुळे. टाइप करणाऱ्याच्या बाजूने उभा राहणारा नियम आहे हा.

पण तोच नियम आमच्या रचनेत काय करतो ते बघा. डावीकडे कुलकर्णी आजींचं नाव दाबलं, उजवीकडे त्यांचा नंबर आला. आता खालचं देशमुखांचं नाव दाबलं. उजवीकडचा व्ह्यू व्ह्यूंच्या झाडासारख्या रचनेत त्याच जागी आहे, प्रकार तोच आहे, म्हणून स्विफ्टयूआयच्या लेखी त्याची ओळखही तीच. इनिट देशमुखांचा नंबर घेऊन चालतं खरं, पण लॉकर आधीच उघडलेलं आहे. वर मथळ्यात देशमुख दिसतात, कारण नाव साध्या लेटमधून, म्हणजे न बदलणाऱ्या प्रॉपर्टीतून, येतं, आणि खाली खान्यांत आजींचा नंबर तसाच. कुठेही क्रॅश नाही, वॉर्निंग नाही. नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या आठवड्यात हीच स्क्रीन बनवायला देते. आमच्याकडे लातूरहून आलेला एक मुलगा आहे, त्याने ते बघून विचारलं, "ताई, मग इनिटमध्ये व्हॅल्यू घेतोच कशाला?" प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे.

याचं उत्तर असं की आधी मालक कोण ते ठरवायचं. नंबर बदलला की तो ताबडतोब गिऱ्हाइकाच्या नोंदीत जायला हवा असेल तर मालक पॅरेंट आहे, आणि आतल्या व्ह्यूकडे @बाइंडिंग, म्हणजे पॅरेंटच्याच व्हॅल्यूशी दुतर्फा जोडणी, हवं. तिथे सुरुवातीच्या व्हॅल्यूचा प्रश्नच उरत नाही. नुसतं दाखवायचं असेल तर साधा लेट पुरतो. आणि कच्चा मसुदा हवा असेल, म्हणजे 'जतन करा' दाबेपर्यंत मूळ नोंदीला हात लागू नये आणि 'रद्द' केलं की सगळं विसरायचं, तरच @स्टेटमध्ये प्रत घ्यायची. आमचं तिसऱ्या प्रकारात बसतं, कारण डॉक्टर तपासत असतात तेव्हा आकडे दोन-तीनदा खालीवर होतात. मग त्या व्ह्यूला डॉट आयडी लावून गिऱ्हाइकाचा क्रमांक द्यायचा. गिऱ्हाईक बदललं की ओळख बदलते, जुनं लॉकर बंद, नवं उघडतं, आणि इनिटमधली व्हॅल्यू आता खरोखर वापरली जाते. एका ओळीचं काम आहे. त्याची किंमतही मोजावी लागते : त्या व्ह्यूच्या आतलं सगळंच स्टेट जातं. स्क्रोल कुठे होता, कर्सर कुठल्या खान्यात होता, उघडलेला भाग कुठला, सगळं. म्हणून आयडी जितक्या आतल्या व्ह्यूला लावता येईल तितका लावावा. सबंध स्क्रीनला लावून मोकळं होऊ नये.

शीटमधून, म्हणजे वर सरकून येणाऱ्या पडद्यातून, हाच फॉर्म उघडत असाल तर काम आणखी सोपं होतं. शीटला दाखवू की नको असा बूल (हो किंवा नाही) देण्याऐवजी गिऱ्हाईकच आयटम म्हणून द्या. प्रत्येक वेळी त्या आयटमवरून आतला व्ह्यू नव्याने उभा राहतो आणि मसुदा ताजा मिळतो. बूल आणि निवडलेलं गिऱ्हाईक अशी दोन स्टेट वेगवेगळी ठेवली की कधीतरी शीट उघडते आणि आत जुनं किंवा रिकामंच दिसतं.

आता लिहिण्याच्या पद्धतीबद्दल. इथे मी एक तारा कापते. @स्टेटला इनिटमधून व्हॅल्यू देण्याचे प्रकार दिसायला जवळपास सारखे आहेत आणि वागायला वेगळे. प्रॉपर्टीला डिफॉल्ट दिलेलं नसेल तर इनिटमध्ये सेल्फ डॉट नंबर बरोबर अमुक लिहिलेलं चालतं. कम्पायलर तिथे गुपचूप रॅपरच उभा करून देतो. पण वर डिफॉल्ट आधीच लिहिलेलं असेल तर तीच ओळ, तशीच, बिनतक्रार कम्पाइल होते आणि दिलेली व्हॅल्यू वाऱ्यावर जाते. कारण स्टेट अजून कुठल्या ओळखीला जोडलेलंच नसतं. अंडरस्कोर लावून थेट रॅपरच द्यायचा, म्हणजे अंडरस्कोर नंबर बरोबर स्टेट, कंसात इनिशियलव्हॅल्यू, ही पद्धत दोन्हीकडे चालते, म्हणून आमच्याकडे तेवढीच एक चालू ठेवली आहे.

ऑप्शनलचा पेच तर आमच्या मर्मावरच आहे. ऑप्शनल स्टेटला तुम्ही डिफॉल्ट लिहिलं नाही तरी भाषा स्वतःहून निल धरते. म्हणजे तुम्हाला वाटतं डिफॉल्ट नाही, प्रत्यक्षात आहे. मग इनिटमध्ये सरळ दिलेला नंबर गायब होतो आणि खाना 'तपासलं नाही' असं सांगतो. जे निल आम्ही इतक्या विचाराने अर्थपूर्ण केलं, ते इथे चुकीच्या कारणाने समोर येऊ शकतं. अंडरस्कोरची पद्धत सक्तीची करण्यामागे माझं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

एका स्टेटची सुरुवात दुसऱ्या प्रॉपर्टीवरून करायची इच्छाही सगळ्यांना होते. नंबरावरून लेन्सचा प्रकार सुचवायचा, वगैरे. प्रॉपर्टीच्या ओळीतच ते लिहिलं की कम्पायलर सांगतो, सेल्फ, म्हणजे हा व्ह्यू स्वतः, अजून तयार नाही. हे चांगलं आहे, निदान तो बोलतो तरी. मात्र इथून बरेच जण ऑनअपिअरकडे, म्हणजे व्ह्यू समोर येताना चालणाऱ्या कोडकडे, वळतात, आणि ती वाट मला अजिबात पसंत नाही. आधी डिफॉल्टने स्क्रीन मांडायची आणि मग ऑनअपिअरमध्ये खरी व्हॅल्यू घालायची, म्हणजे जे आधीच हातात आहे ते उशिरा दाखवायचं. त्याहून वाईट म्हणजे ऑनअपिअर एकदाच चालत नाही. काकांनी नंबर बदलला, लेन्स निवडायला पुढच्या स्क्रीनवर गेले, मागे आले, की ऑनअपिअर पुन्हा चालतं आणि बदललेल्या नंबरावर जुना नंबर बसतो. माहिती खरोखरच नंतर येणार असेल, सर्व्हरवरून वगैरे, तर टास्क मॉडिफायर (व्ह्यूला जोडून काम चालवणारी सोय) आहे, त्याला आयडी देता येतो. पण तोपर्यंतची अवस्था 'येत आहे' अशी प्रामाणिकपणे दाखवावी. शून्य दाखवू नये.

पिकरबद्दल, म्हणजे पर्यायांतून एक निवडायच्या खान्याबद्दल, थोडं, कारण नंबर निवडायला आम्ही तोच वापरतो. पिकरच्या स्टेटची सुरुवातीची व्हॅल्यू कुठल्या तरी टॅगशी (पर्यायाला लावलेल्या खुणेशी) तंतोतंत जुळावी लागते, प्रकारासकट. नाही जुळली तर कन्सोलमध्ये इशारा येतो आणि निवड रिकामी दिसते. पाव-पावच्या पायऱ्या डबलमध्ये, म्हणजे अपूर्णांकांच्या प्रकारात, अचूक बसतात, म्हणून आमचं निभावतं. ०.१ च्या पायरीने बेरीज करत गेलं असतं तर जुळलं नसतं. तशी गरज असेल तर पूर्णांकात मोजावं आणि दाखवताना भागावं.

ओळखीचा नियम आणखी दोन ठिकाणी डोकं वर काढतो. आयपॅडवर शेजारी सफारी उघडली की आपल्या ॲपची जागा अरुंद होते. अरुंद जागेसाठी एक मांडणी आणि रुंद जागेसाठी दुसरी असं इफ-एल्सने लिहिलं, तर दोन फांद्यांतले फॉर्म दिसायला सारखे असले तरी ओळखीने वेगळे असतात. जागा बदलली की अर्धवट भरलेले आकडे गेले. म्हणून मसुदा इफ-एल्सच्या वर ठेवायचा, किंवा आयओएस १६ पासून एनीलेआउट आहे, त्याने मांडणी बदलते आणि ओळख टिकते. दुसरी जागा यादीची. फॉरईचला, म्हणजे यादीतल्या ओळी काढणाऱ्या भागाला, नोंदीच्या क्रमांकाऐवजी ओळीचा अनुक्रमांक दिला, तर मधली एक ओळ काढल्यावर खालच्या नोंदी एकेक घर वर सरकतात, पण स्टेट जुन्याच जागी राहतं. यावर अधिक लिहिण्यासारखं नाही. पक्का आयडी द्या, संपलं.

स्टेटमध्ये क्लास, म्हणजे प्रत न होता सगळीकडे एकच राहणारी वस्तू, ठेवायचा असेल तर गोष्ट थोडी बदलते. २०१९ मध्ये ऑब्झर्व्हडऑब्जेक्ट होतं आणि ते मालकी घेत नाही. २०२० मध्ये आयओएस १४ बरोबर स्टेटऑब्जेक्ट आलं. त्याची सुरुवातीची व्हॅल्यू ऑटोक्लोजरमध्ये गुंडाळलेली असते, म्हणजे ती गरज पडेल तेव्हा, ओळखीमागे एकदाच काढली जाते. २०२३ मध्ये आयओएस १७ बरोबर ऑब्झर्व्हेबल मॅक्रो (कम्पाइल होताना जास्तीचा कोड भरून देणारी खूण) आला आणि क्लाससाठीही पुन्हा साधं @स्टेटच वापरा असं ठरलं. बॉडीत ज्या प्रॉपर्टी वाचल्या तेवढ्याच बदलल्या तर स्क्रीन पुन्हा काढली जाते, हा त्याचा मोठा फायदा आहे आणि आमच्या लांब फॉर्ममध्ये तो जाणवतो. पण @स्टेटला ऑटोक्लोजर नाही. व्ह्यूचा स्ट्रक्ट जितक्या वेळा बनेल तितक्या वेळा तो क्लास नव्याने बनतो. पहिला सोडून बाकीचे टाकून दिले जातात, पण त्यांचं इनिट चाललेलं असतं. त्या इनिटमध्ये डेटाबेस उघडत असाल, सर्व्हरला हाक मारत असाल, तर ते काम पुन्हा पुन्हा होईल. ॲपलच्या माहितीपानावर हे लिहिलेलं आहे, तिथे जड काम टास्कमध्ये न्यायला सांगितलं आहे. जुनं स्टेटऑब्जेक्ट बदलून नवं लिहिताना हा फरक आधी तपासावा. आमचा नियम असा की मॉडेलच्या, म्हणजे माहिती ठेवणाऱ्या अशा क्लासच्या, इनिटने फक्त व्हॅल्यू ठेवायच्या, काम करायचं नाही.

शेजारच्यांशी तुलना केल्याशिवाय परीक्षण पुरं होणार नाही. अँड्रॉइडवरचं जेटपॅक कंपोज, म्हणजे तिथली अशीच चौकट, २०२१ मध्ये पहिल्या स्थिर आवृत्तीत आलं. तिथे म्यूटेबलस्टेटऑफच्या भोवती रिमेंबर लिहावं लागतं, आणि त्या रिमेंबरलाच किल्ली देता येते : गिऱ्हाइकाचा क्रमांक दिला की क्रमांक बदलल्यावर तेवढीच एक व्हॅल्यू नव्याने सुरू होते, बाकीचं जसंच्या तसं. रिमेंबर विसरलात तर अँड्रॉइड स्टुडिओ लगेच लाल रेघ काढतो. या एका बाबतीत कंपोज मला उजवं वाटतं. गूगलच्या फ्लटर या चौकटीत इनिटस्टेट एकदाच चालतं, आणि पॅरेंटने नवं काही दिलं तर डिडअपडेटविजेट नावाची वेगळी जागा आहे. लिहायला जास्त, पण काय कधी चालणार हे नावावरूनच समजतं. स्विफ्टयूआयमध्ये लिहायला सगळ्यात कमी लागतं, आणि नियम माहीत नसेल तर चुकायलाही सगळ्यात कमी लागतं.

तरीही मी आज नवं ॲप सुरू केलं तर आयपॅडसाठी स्विफ्टयूआयच घेईन. नियम एकदा अंगवळणी पडला की तो कुठेही अपवाद करत नाही, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. २०२४ पासून प्रिव्ह्यूमध्ये प्रिव्ह्यूएबल लावून थेट स्टेट लिहिता येतं, त्यामुळे एकच फॉर्म 'तपासलं नाही', 'प्लेनो' आणि 'उणे ६.५०' अशा तीन सुरुवातींनी शेजारी शेजारी बघता येतो. आमच्याकडे नवा व्ह्यू असा बघितल्याशिवाय पुढे जात नाही. पाचपैकी चार तारे देते. पाचवा तारा अडला आहे तो डिफॉल्ट असलेल्या @स्टेटला इनिटमध्ये व्हॅल्यू दिल्यावर कम्पायलर काहीच बोलत नाही यापाशी. ती एक वॉर्निंग मला मनापासून हवी आहे.

ज्यांना हे घ्यायचं आहे त्यांनी गिऱ्हाइकाकडची यंत्रं आधी बघावीत. काकांच्या दुकानातला आयपॅड २०१८ चा, सहाव्या पिढीचा आहे. तो आयपॅडओएस १७ पर्यंत जातो, त्यापुढे नाही. म्हणजे ऑब्झर्व्हेबल तिथे जेमतेम मिळतं. पाचव्या पिढीचा असता तर १६ वरच थांबावं लागलं असतं, आणि क्लाससाठी स्टेटऑब्जेक्ट हीच वाट राहिली असती. अंडरस्कोरची पद्धत, डॉट आयडी आणि शीटला आयटम देणं मात्र जुन्यावरही असंच चालतं.